दुपारी दूध, पहाटे पाणी: रोशाच्या फेस मिस्टला कोणतं सरफॅक्टंट घ्यावं?

रोशावाली_शहादा · 9 मे, रात्री 10:12

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

मी शहाद्याची. घरामागच्या शेडमध्ये साबण आणि फेस मिस्ट बनवते. लायसन्स काढून दोन वर्षं झाली. माझ्या मिस्टचा जीव म्हणजे रोशा, म्हणजे तिखाडी गवताचं सुगंधी तेल. मामांची छोटी भट्टी आहे, तेल तिथूनच येतं.

जानेवारीत बॅच काढली तेव्हा बाटली काचेसारखी होती. मागे पेपर धरून बातमी वाचता येत होती. गेल्या आठवड्यात नंदुरबारला प्रदर्शनात टेबल लावलं, वर पत्र्याचं छत. दुपारी दोनच्या सुमारास बाटल्या एकामागून एक पांढऱ्या पडायला लागल्या, पातळ ताकासारख्या. एका बाईंनी विचारलं, "यात दूध घातलंय का हो?" हो म्हणाले असते तर खपल्याही असत्या. मी आपल्या निमूटपणे बाटल्या खोक्यात भरल्या.

खरी गंमत पुढेच आहे. रात्री खोकं ओसरीवर ठेवलं होतं. पहाटे पाचला पाणी भरायला उठले, एक बाटली सहज उचलून हलवली, तर आरपार! दुपारी परत दूध. तीन दिवस हेच चाललंय.

100 ग्रॅमचं माप असं: रोशा तेल 0.4, पॉलिसॉर्बेट 20 (तेल पाण्यात मिसळवणारं सरफॅक्टंट) 1.6, ग्लिसरीन 5, एप्सम सॉल्ट 2 (व्हिडिओत 'मिनरल मिस्ट' बघितलं होतं), फिनॉक्सीइथेनॉल (प्रिझर्वेटिव्ह) 0.9, बाकी पाणी.

दुसरा घोळ वेगळाच आहे. गिऱ्हाइकं म्हणतात चेहरा कोरडा पडतो, म्हणून एका बॅचमध्ये तिळाचं तेल अर्धा टक्का घातलं. ती बॅच पहिल्या मिनिटापासून पांढरी. पॉलिसॉर्बेट दुप्पट केलं तरी पांढरीच, वर चिकट.

सरफॅक्टंट बदलू का? बदललं तर कोणतं घेऊ?

केळीपट्टा_रावेर · 9 मे, रात्री 10:40

ताई, पाणी कोणतं घेता? बोअरचं असेल तर तिथंच शोधा. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. तुमचं दूध म्हणजे तोच थर असणार.

धुळ्याना_भाऊ · 9 मे, रात्री 11:05

आपला खान्देशनं पाणीच जड शे ताई. मना शाम्पूना बी आसाच लोचा व्हयना व्हता. मंग मी बॅटरीनं पाणी आनं, मंग चांगलं व्हयनं.

रोशावाली_शहादा · 9 मे, रात्री 11:20

निम्मं आरओचं, निम्मं भट्टीचं (तेल काढल्यावर खाली राहतं ते सुगंधी पाणी). बॅटरीचं पाणी चेहऱ्यावर मारायच्या वस्तूत नको वाटतं भाऊ, ते कुठल्या डब्यातून येतं कोण जाणे.

नाना_अमळनेर · 10 मे, सकाळी 6:50

पाणी सोडा. म्हणजे चांगलं पाणी वापराच, पण या दुधाचा गुन्हेगार तो नाही.

साबण आणि शाम्पूतले बरेचसे सरफॅक्टंट ऋणभारित असतात. पाण्यातला कॅल्शियम साबणाला धरतो आणि चोथा होतो. रावेरकर म्हणतात तो थर हाच, आणि तो सकाळी विरघळून जात नाही. पॉलिसॉर्बेटवर भारच नाही, त्यामुळे जड पाण्याचं त्याला फारसं वावडं नाही.

ताईंनी सगळ्यात मोलाची गोष्ट 'गंमत' म्हणून सांगितली आहे. गरम झालं की पांढरं, गार झालं की आरपार. जे उलटं फिरतं ते बिघडलेलं नसतं. याला क्लाउड पॉइंट म्हणतात, मराठीत ढगबिंदू म्हणा.

पॉलिसॉर्बेटच्या रेणूचं डोकं म्हणजे इथिलीन ऑक्साइडच्या साखळ्या. या साखळ्या पाण्याचे रेणू धरून ठेवतात, म्हणून तो पाण्यात राहतो. तापमान वाढलं की ही पकड सुटते आणि साखळी कोरडी पडायला लागते. मग मिसेल, म्हणजे शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून बसलेले ते गोळे, एकमेकांना चिकटून मोठे होतात. गोळा काही नॅनोमीटरचा असेपर्यंत उजेड त्याच्यातून निघून जातो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर. गोळे त्याच्या जवळपास पोचले की उजेड विखुरतो आणि तुम्हाला दूध दिसतं.

आता म्हणाल, नुसत्या पाण्यातल्या पॉलिसॉर्बेट 20 चा ढगबिंदू तर खूप वर असतो, नंदुरबारच्या उन्हानं काय होतंय? बरोबर. पण तुम्ही त्याला चारी बाजूंनी खाली ओढलाय. एप्सम सॉल्ट पाणी स्वतःकडे खेचतं, साखळीला कमी उरतं. ग्लिसरीनही थोडं तेच करतं. फिनॉक्सीइथेनॉल मिसेलमध्ये जाऊन जागा अडवतं. आणि भट्टीच्या पाण्यात आधीच तेल मुरलेलं असतं, ते तुम्ही मोजलेलंच नाही. म्हणजे 0.4 लिहिलंय, पण प्रत्यक्षात जास्त आहे. जानेवारीत बाटली काठावर उभी होती, मे महिन्यानं फक्त ढकललं.

फार्मसी_शिरपूर · 10 मे, सकाळी 9:15

नानांचं पटलं, एक भर घालतो. अशा आरपार मिस्टला बरेच जण मायक्रोइमल्शन म्हणतात, तसं म्हणू नये. अर्ध्या टक्क्याहून कमी तेल म्हणजे तेल पोटात घेऊन फुगलेले मिसेल, साधं सोल्युबिलायझेशन (तेल पाण्यात विरघळल्यासारखं करणं). मायक्रोइमल्शनमध्ये तेल आणि पाणी दोन्ही भरपूर, आणि सरफॅक्टंट बरेचदा 10 ते 30 टक्के. होअर आणि शुलमन यांनी 1943 साली पारदर्शक तेल-पाण्याचा शोधनिबंध लिहिला, मायक्रोइमल्शन हा शब्द शुलमनच्या गटानं 1959 मध्ये वापरला. नॅनोइमल्शन तर तिसरंच. ते बहुतेक वेळा जोर लावून फोडलेलं असतं आणि आज ना उद्या फुटतंच. मायक्रोइमल्शन आपोआप जुळतं आणि तापमान-माप पाळलं तर तसंच राहतं.

नाना_अमळनेर · 10 मे, सकाळी 9:40

मान्य. पण फुगलेला मिसेल कुठे संपतो आणि मायक्रोइमल्शन कुठे सुरू होतं, तिथे कुंपण घातलेलं नाही. आमच्या प्लँटमध्ये 'ट्रान्स्परंट लागलं का?' एवढंच विचारायचे.

एरंडेल · 10 मे, दुपारी 1:30

मी कायम एचएलबीच्या (सरफॅक्टंटचा ओढा पाण्याकडे किती आणि तेलाकडे किती, त्याचा आकडा) तक्त्यावरून निवडतो. पॉलिसॉर्बेट 20 चा 16.7, पॉलिसॉर्बेट 80 चा 15, स्पॅन 80 चा 4.3. मधला आकडा हवा असेल तर मिसळायचं. 12 हवा असेल तर पॉलिसॉर्बेट 80 चे 72 भाग आणि स्पॅन 80 चे 28 भाग. सोल्युबिलायझरला 15 ते 18 लागतो असं तक्त्यात आहे. ताईंचा 16.7 म्हणजे बरोबरच निवडलं होतं की. मग चुकलं कुठे?

नाना_अमळनेर · 10 मे, रात्री 8:20

एचएलबी म्हणजे पत्रिका. छत्तीस गुण जुळले म्हणून संसार होतोच असं नाही.

तो आकडा ग्रिफिननं 1949 मध्ये मांडला, मुख्यतः भारविरहित सरफॅक्टंटसाठी. रेणूचा किती भाग पाण्याचा, एवढंच त्यात कळतं. तापमान, मीठ, तेलाच्या रेणूचा आकार यांतलं काहीच त्या आकड्यात नाही. निवड सुरू करायला उत्तम आहे, पण तिथेच थांबलात तर ताईंसारखं होतं.

मी निवडतो ते आधी तेल बघून. रोशाच्या तेलात सर्वांत मोठा वाटा जिरॅनिऑलचा. दहा कार्बनची छोटी साखळी, एका टोकाला ओएच. असा रेणू मिसेलच्या पोटात जात नाही. डोकं आणि शेपूट यांच्या सीमेवर मुंगीसारखा शिरतो, स्वतःच अर्धा सरफॅक्टंट असल्यासारखा. म्हणून सुगंधी तेलं सोपी. बारा कार्बनची लॉरिक शेपूट असलेलं पॉलिसॉर्बेट 20 त्यांना छान जमतं.

तीळ मात्र ट्रायग्लिसराइड. ग्लिसरॉलच्या काठीला तीन लांब शेपट्या, रेणूत सुमारे 57 कार्बन. एवढं धूड त्या इवल्याशा गोळ्यात बसवायचं म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर केळीचा अख्खा घड बांधण्यासारखं आहे. एकदोन फण्या बसतील, घड नाही. पॉलिसॉर्बेट दुप्पट केल्यानं कॅरिअर मोठं होत नाही, सायकली वाढतात.

म्हणून तिळाच्या बाबतीत सरफॅक्टंट बदलू नका, तेल बदला. हलकं एस्टर घ्या, आयसोप्रोपिल मायरिस्टेट किंवा नारळातून निघणारं मध्यम साखळीचं ट्रायग्लिसराइड. आणि तेही मिस्टमध्ये नको. मेकअप काढायच्या, धुऊन टाकायच्या वस्तूत करा, कारण तिथे सरफॅक्टंट 20-30 टक्के लागणार. चेहऱ्यावर तेवढं ठेवून दिलं तर चिकचिक होते, आणि नाजूक कातडीला आगही.

नैसर्गिक_नवापूर · 10 मे, रात्री 9:02

पेगवाले, म्हणजे इथिलीन ऑक्साइडच्या साखळीवाले सरफॅक्टंट घ्यायचेच कशाला? त्यात डायऑक्सेन नावाचं घातक रसायन असतं म्हणतात. नैसर्गिक काही नाही का?

फार्मसी_शिरपूर · 10 मे, रात्री 9:30

इथॉक्सिलेशनमध्ये (इथिलीन ऑक्साइड जोडताना) 1,4-डायऑक्सेनचा अंश तयार होऊ शकतो हे खरं. चांगले उत्पादक तो काढून टाकतात, माल घेताना त्याचा रिपोर्ट मागायचा. पेगशिवाय हवं असेल तर कॅप्रिलिल/कॅप्रिल ग्लुकोसाइड, डेसिल ग्लुकोसाइड, पॉलिग्लिसरिल-4 कॅप्रेट. ग्लुकोसाइडची आपल्या भागात एक मोठी सोय आहे: डोकं साखरेचं असल्यानं तापमानाचा त्याच्यावर पेगइतका परिणाम होत नाही. तोटा म्हणजे ते क्षारीय येतं, पीएच खाली आणावा लागतो, आणि जास्त घातलं की बाटलीत फेस.

लेसिथिन मात्र सुचवू नका कोणी प्लीज. दोन शेपट्यांचा रेणू, त्याला गोळा होण्यापेक्षा थर करून बसायला आवडतं. छोटं अल्कोहोल जोडीला दिल्याशिवाय वळत नाही, आणि अल्कोहोल म्हटलं की एक्साइजचे कागद.

एरंडेल · 10 मे, रात्री 9:55

पेग-40 हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइलचं कोणी नाव काढलं नाही, माझा आयडी फुकट गेला 😄

नाना_अमळनेर · 11 मे, सकाळी 7:10

मी तिकडेच येत होतो. ताई, तुमच्यासाठी माझी पहिली पसंती तीच.

आमच्या अमळनेरात 1945 साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स निघाली, आजची विप्रो. काम काय, तर तेलात हायड्रोजन भरून वनस्पती तूप करायचं. एरंडेलाला तसाच हायड्रोजन दिला की पांढरं कडक मेण होतं. त्याच्या एका रेणूला सरासरी 40 इथिलीन ऑक्साइड जोडले की झालं हे सरफॅक्टंट. शेपट्या तीन आणि जाडजूड, म्हणून सुगंधी तेल पोटात घ्यायला जागा जास्त. दुहेरी बंध हायड्रोजननं संपवलेले, म्हणून खवट व्हायची भीती कमी. पॉलिसॉर्बेट 80 मध्ये ओलिक शेपूट असते, ती उन्हापत्र्यात लवकर बिघडते. डोक्याच्या साखळीला हवा सगळ्यांच्यातच लागते म्हणा, म्हणून डबा उघडा ठेवू नका.

थंडीत हे लोण्यासारखं गोठतं. डबा कोमट पाण्यात ठेवून पूर्ण पातळ करूनच मोजा, वरवरचं खरवडून नाही.

पण माझं ऐकून लगेच किलोभर मागवू नका. आधी सहा नळ्या लावा. पहिली आहे तशी. दुसरीत एप्सम नाही. तिसरीत ग्लिसरीन नाही. चौथीत फिनॉक्सी नाही (ही फक्त प्रयोगाची, विकायची नाही). पाचवीत भट्टीच्या पाण्याऐवजी साधं डिस्टिल्ड. सहावीत तेल तेवढंच, पॉलिसॉर्बेट दुप्पट. सगळ्या एका पातेल्यात पाण्यात उभ्या करा, मंद गॅस, 110 अंशांचा थर्मामीटर. कोणती नळी किती अंशांवर धुरकट होते ते लिहा. नळीमागे छापलेला कागद धरा.

आणि काटा सोनाराचा घ्या. किचनच्या काट्यावर 0.4 ग्रॅम म्हणजे अंदाजपंचे.

रोशावाली_शहादा · 14 मे, रात्री 11:48

नाना, केलं. भाची सुट्टीला आलीय, तिला कागद धरायला बसवलं. ती मोठ्यानं बातमी वाचायची, अक्षरं दिसेनाशी झाली की "गेलं!" म्हणून ओरडायची.

आहे तशी: 43 अंशांना गेलं. ग्लिसरीन काढलेली 45. भट्टीचं पाणी काढलेली 47. एप्सम काढलेली 48. फिनॉक्सी काढलेली 51. दुप्पट पॉलिसॉर्बेटवाली 60 पर्यंत गेलीच नाही, मग भाचीलाच कंटाळा आला.

43! म्हणजे नंदुरबारच्या पत्र्याखाली पांढरं पडणारच होतं. जानेवारीत मी या बाटल्या खिडकीत ठेवून 'स्टेबल' लिहून ठेवलं होतं वहीत. ते पान फाडावंसं वाटलं.

एक कळलं नाही. फिनॉक्सी काढल्यानं सर्वांत जास्त फरक, पण ते तर काढता येणार नाही ना?

नाना_अमळनेर · 15 मे, सकाळी 6:45

नाही. पाणी आहे तिथे प्रिझर्वेटिव्ह हवंच. पान फाडू नका, तारीख घालून ठेवा.

फिनॉक्सीला जागा मिळेल एवढं सरफॅक्टंट वाढवायचं. उलटी बाजूही लक्षात ठेवा: सरफॅक्टंट वाढलं की प्रिझर्वेटिव्हही मिसेलमध्ये लपतं आणि पाण्यात कमी उरतं. पॅराबेन (दुसरं एक प्रिझर्वेटिव्ह) आणि पॉलिसॉर्बेटची ही गोष्ट जुनी आहे. म्हणून अंतिम माप ठरल्यावर लॅबमधून मायक्रोबियल टेस्ट करून घ्या, नुसत्या डोळ्यावर जाऊ नका. पाणी आरपार असलं तरी आत काही वाढत असू शकतं.

एप्सम काढाच. त्यानं चेहऱ्याचं काय भलं होतं ते व्हिडिओवाल्यालाच माहीत. ग्लिसरीन 2 वर आणा, 3 टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल घाला, ते ढगबिंदू वर नेतं.

केळीपट्टा_रावेर · 15 मे, सकाळी 8:20

घालायचा क्रम काय? मी पाण्यात सरफॅक्टंट घालून वरून तेल ओततो. कधी लागतं कधी नाही.

फार्मसी_शिरपूर · 15 मे, सकाळी 10:05

उलटा आहे तुमचा क्रम. आधी तेल आणि सरफॅक्टंट एकजीव, अगदी एकही रेघ दिसता कामा नये. मग पाणी थेंबाथेंबानं, हलवत. मध्येच कधी जेलीसारखं घट्ट होतं, तिथे घाबरून गॅस पेटवू नका. ती मधली अवस्था आहे, पाणी घालत राहिलं की पुढे पातळ होतं.

मेकअप काढायच्या वस्तूसाठी त्रिकोण काढायला शिका. तेल आणि सरफॅक्टंट 9:1 पासून 1:9 पर्यंत नऊ नळ्या, प्रत्येकीत ड्रॉपरनं पाणी, कुठे पांढरं आणि कुठे आरपार ते त्रिकोणी आलेखावर ठिपक्यांनी. सरफॅक्टंटच्या कोपऱ्याजवळ आरपार पट्टा सापडतो. त्या पट्ट्याच्या काठावर नाही, जरा आत आपलं माप ठरवायचं. आणि हा आलेख 25 अंशांना काढलात तर 45 ला पुन्हा काढा. पुस्तकात 25 असतं, खान्देशात नसतं.

धुळ्याना_भाऊ · 15 मे, रात्री 9:12

रोशानं तेल इतलं चांगलं येस का आपलाकडे? मले वाटनं ते फक्त अत्तरवाला लेतस.

रोशावाली_शहादा · 15 मे, रात्री 9:50

भाऊ, इंग्रजांच्या काळी खान्देशचं रोशा तेल मुंबईहून परदेशी जायचं. तिकडे तुर्की, बल्गेरियाच्या गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला वापरायचे! वास गुलाबासारखा ना. युरोपात त्याला तुर्की जिरॅनियम म्हणायचे म्हणे, गवत मात्र आपल्या डोंगरातलं. मामा सांगतात तेव्हा अशा थाटात सांगतात जणू भेसळ हीच घराण्याची शान.

फार्मसी_शिरपूर · 15 मे, रात्री 10:10

जिरॅनिऑलवरून आठवलं. काहींना त्याची ॲलर्जी असते. युरोपात चेहऱ्यावर राहणाऱ्या वस्तूत 0.001 टक्क्याच्या वर असेल तर लेबलवर नाव लिहावंच लागतं. तुमच्यात त्याच्या शेकडो पट आहे. इथे विकताय तरी लिहा ताई. आणि 0.4 जरा जास्तच वाटतं मला चेहऱ्यासाठी.

रोशावाली_शहादा · 2 जून, रात्री 10:30

मंडळी, अपडेट. पेग-40 चं छोटं पॅक मागवलं. नवं माप: रोशा 0.2, पेग-40 हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइल 1.2, प्रॉपिलीन ग्लायकॉल 3, ग्लिसरीन 2, फिनॉक्सी 0.9, डिस्टिल्ड पाणी. भट्टीचं पाणी आता साबणात जातं.

पातेल्यात 65 पर्यंत नेलं, आरपार. फ्रीजमध्ये आठवडाभर, आरपार. मग चार बाटल्या शेडच्या पत्र्यावरच ठेवल्या, पाच दिवस. दुपारी तिथे हात ठेववत नाही. भाची अंधारात बाटलीला मोबाइलचा टॉर्च लावून बघते, मधून हलकी निळसर रेघ दिसते एवढंच. शिरपूरवाले, ते ठीक आहे ना?

वास मात्र कमी झालाय. 0.2 मुळे की हे सरफॅक्टंट वास धरून ठेवतं?

फार्मसी_शिरपूर · 2 जून, रात्री 10:52

निळी रेघ म्हणजे गोळे आहेत पण बारीक आहेत, त्यांच्यावरून थोडा उजेड विखुरतो, टिंडल परिणाम. ठीक आहे. वासाला दोन्ही कारणं. मिसेलमध्ये कोंडलेलं तेल हवेत कमी उडतं.

नाना_अमळनेर · 3 जून, सकाळी 6:40

वास वाढवायला तेल वाढवू नका. सरफॅक्टंट आणि तेल 6:1 च्या ऐवजी 5:1, मग 4:1 करून बघा, सरफॅक्टंट जितकं कमी तितका वास मोकळा. फक्त प्रत्येक वेळी पातेलं आणि थर्मामीटर. ढगबिंदू 55 च्या खाली आला की मागे फिरा.

एरंडेल · 3 जून, सकाळी 9:00

तिळाचं काय झालं शेवटी?

रोशावाली_शहादा · 3 जून, दुपारी 2:15

तीळ वेगळ्या बाटलीत. ड्रॉपर लावलाय, लेबलवर लिहिलंय 'आधी मिस्ट, मग दोन थेंब'. काल शहाद्याच्या बाजारात सहा जोड्या गेल्या. आत्ता बाहेर 42 आहे, मिस्टची बाटली समोर पत्र्यावर आहे आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतंय. 5:1 चं पातेलं गॅसवर चढवलंय, भाची कागद घेऊन बसली आहे.